एक हात, वर चार बोटं

एकेचाळीस लाख ओळी.
बोथनियाच्या आखातावर सत्तर हिवाळे
कुणी ना कुणी बर्फाला भोक पाडलं,
आत पट्टी घातली, वहीत आकडा लिहिला.
वह्यांच्या आता फायली झाल्यात.
डाग नाही, मासळीचा वास नाही,
नुसती अक्षरं, स्वल्पविरामांनी तोडलेली.
औलूच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी त्यांना चाळण लावते.

माझी चाळण एका ओळीत मावते.
टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर.
टोपीचं चिन्ह म्हणजे ओळीचा उंबरठा,
डॉलर म्हणजे परसदार.
तारा हावरा.
पहिल्या अवतरणचिन्हापासून शेवटच्यापर्यंत
मधली सगळी पंगत एकटा जेवून उठतो.
त्याच्यामागे प्रश्नचिन्ह बसवलं
की पहिल्या घासालाच हात धुतो.
आणि टिंबाला नुसतं टिंब म्हणायचं असेल
तर आधी एक तिरपी काठी धरायची:
थांब, हे खरंच टिंब आहे.

बेटाचं नाव हायलुओतो.
नावाला विभक्ती लागली की आमच्याकडे
त चा द होतो.
बेटावर जाताना त, बेटावरून परतताना द.
मी दोघांना एका चौकोनी कंसात
खेटून बसवते,
जो येईल तो आपला.

सोमवारी राउनी म्हणाली,
जाडीच्या रकान्यात आकडा नसेल
ती ओळ काढून टाक.
नमुना लिहिला. तीनशे बारा ओळी आल्या.
कुठे रेघ, कुठे रिकामं, एका ठिकाणी "पडसं".
पण दोनशे सात एकाच माणसाच्या,
तैस्तो कॅर्प्पा, जहाजांचा वाटाड्या:

एक हात.
एक हात, वर चार बोटं.
वीतभर, आणि आवाज करतो.
घोडा जाईल. पाद्री जाणार नाही.
हात, दोन बोटं कमी.

हसले. मग हसू आवरून
"पट्टी" हा शब्द शोधला, सगळ्या विभक्तींसकट,
पत्रव्यवहाराच्या फायलीत.
अकरा पत्रं.
"पट्टी भोकातून खाली गेली, दुसरी पाठवावी."
"पट्टीबद्दल पुन्हा लिहीत आहे."
सहा हिवाळे.
आमच्या कचेरीचं उत्तर
कुठल्याच नमुन्याला सापडलं नाही.

शनिवारी तराफ्याने बेटावर गेले.
त्याची मुलगी लाइमी, एक्याऐंशीची,
म्हणाली, हात तर पुरला आम्ही.
कोट आहे.
जाळ्यांच्या खोपटात, खिळ्याला.
बाहीच्या कोपराशी चामड्याचं ठिगळ,
ठिगळाच्या मधोमध झिजून पडलेला खळगा.
तिथून मनगटाच्या शिवणीपर्यंत सत्तावीस.
हातमोजा एकोणीस.
"लोकरीचा आहे," ती म्हणाली,
"धुऊन धुऊन आटलाय. आणि तो बोटं
आत मुडपून ठेवायचा, थंडीत."
मी टेप गुंडाळली.
तिने कॉफी केली, जी उभी राहील इतकी घट्ट,
आणि विचारलं, बाबांचं लिहिलेलं
तुम्ही पुसणार का?

सोमवारी आकड्याच्या रकान्यात
"एक हात" च्या जागी
मी ४६ लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.
त्याचं वाक्य शेरा म्हणून शेजारी ठेवलं,
घोडा आणि पाद्री दोघांसकट.
राउनीने पाहिलं. म्हणाली, यंत्र हे वाचेल
तर प्रश्नचिन्ह शेवटच्या अंकाला लागेल.
चार आहे.
सहा असेल, नसेलही.

म्हटलं, तेच तर.
खिडकीतून खाली नदी दिसत होती,
कडेने नुकती साय धरू लागलेली,
अजून बोटभरही नाही.